‘आधी अंग मोकळं होऊ दे, मग क्लासला येते’

पहिल्यांदा योगवर्गाला निघालेली मंडळी हे वाक्य हमखास बोलतात. कामवाली यायच्या आधी घर आवरून ठेवावं, तशातलाच हा प्रकार. सत्तेचाळिशीच्या, दिवसभर काउंटरवर बसून काम करणाऱ्या एका बाईंनी तेच केलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) व्हिडिओ लावून पहाटे साडेपाचला, उठल्या उठल्या पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकणं. चौथ्या दिवशी कमरेत उसण भरली. आठवड्यात दुखणं गेलं, धसका राहिला. “माझे हात नडगीच्या पुढे जातच नाहीत. बाकीच्या अंगठे धरतील आणि मी बघत बसेन.”

पहिली चूक वेळेची होती. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यावर पहिला तासभर तरी पुढे खोल वाकलं की कमरेवर नेहमीपेक्षा जास्त ताण येतो. पहाटेच करायचं असेल तर आधी जरा चालावं, हातपाय, खांदे हलवावेत, वाकणं नंतर.

दुसरी चूक बघूनच कळली. त्यांना जमिनीवर पाय पसरून बसायला सांगितलं. गुडघे वर उचललेले, पाठीला कुबड, वजन माकडहाडाच्या बाजूला. मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडांपासून गुडघ्याखालपर्यंत जातात. ते आखडले की कमरेचा सांगाडा मागे कलतो, मग वाकायला उरते फक्त पाठ, आणि उसण तिथेच भरते. दोन चादरींची चार बोटं जाड घडी करून बैठकीखाली दिली, गुडघे किंचित दुमडायला लावले, तळव्यांभोवती ओढणी अडकवून तिची टोकं हातात दिली. पाठ आपोआप वर आली. “अगंबाई, म्हणजे हात आखूड नव्हते!”

तरी घडी काढून टाकायची घाई त्यांना होतीच. आधार घेणं म्हणजे कच्चेपणा, असा समज. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, ठोकळे, खुर्च्या, दोर घेऊन आयुष्यभर शिकवलं. त्यांच्या शहराच्या आसपास राहून तरी उशीची लाज वाटू नये.

ताण कुठे येतो ते ओळखता आलं पाहिजे. मांडीच्या मागे मधोमध, बोथट, चार-पाच श्वासांत सैलावणारा ताण चालतो. बैठकीच्या हाडापाशी टोचलं, गुडघ्यात कळ आली किंवा पायात मुंग्या उतरल्या तर आसन हळूच सोडायचं, झटक्याने नाही. श्वास अडकला तरी तेच.

रक्तदाबाची गोळी मात्र बाई वर्गाच्या फॉर्मवर लिहिणार नव्हत्या. “कंट्रोलमध्ये आहे ना!” असला तरी शिक्षकांना सांगायचंच. जोरकस कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं, डोकं खाली करण्याची आसनं या बाबतीत त्यांना निर्णय घ्यावा लागतो. शवासनातून ताडकन उठलं तर गोळीवर असलेल्यांना चक्कर येऊ शकते; कुशीवर वळून, दोन-तीन श्वास थांबून, हाताच्या आधाराने उठावं. काचबिंदू, हर्निया, ठिसूळ हाडं, जुनी शस्त्रक्रिया, गरोदरपण हेही पहिल्याच दिवशी सांगावं, आणि डॉक्टरांना विचारलेलं बरं.

बाकी तयारी थोडीच. पोटभर जेवणानंतर तीन-चार तास, पोहे-उपमा खाल्ला तर दोन तास जाऊ द्यावेत. पाय अनवाणी. टाइल्सवर सतरंजी सरकते, म्हणून खाली न घसरणारी चटई. फार गुबगुबीत घेऊ नये, उभ्या आसनांत तोल जातो. घोळदार सलवार नको, पायात येते.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. हात अजून नडगीवरच होते. विचारायचं होतं एवढंच, की योगाचा पट्टा विकत घ्यावा की ओढणीवर भागेल. भागतं, फक्त नायलॉनची नको, हातातून निसटते.