पीटीएल झालात, आता ओपनस्टॅकची वापरसुलभता कशी सुधाराल?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: तुम्ही नोव्हाचे (ओपनस्टॅक या मुक्त क्लाउड सॉफ्टवेअरमधला, व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रकल्प) पीटीएल, म्हणजे प्रकल्पाचे तांत्रिक प्रमुख, म्हणून नुकतेच निवडून आला आहात, वापरणारे ‘नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड’ (योग्य होस्ट मशीन सापडलं नाही) या संदेशाला वैतागलेत आणि कोअर मंडळींना, म्हणजे पॅच मंजूर करणाऱ्या रिव्ह्यूअरांना, नव्या फीचरांपुढे वेळ नाही. मग सुरुवात कुठून करायची?

आधी पदाचा आवाका बघा. निवड सहा महिन्यांच्या एका सायकलपुरती असते. कोड लिहिणारे वेगवेगळ्या कंपन्यांच्या पगारावर असतात, त्यामुळे तुम्ही कुणालाही काम नेमून देऊ शकत नाही. कोअर रिव्ह्यूअरांचं लक्ष कुठे वळवायचं, एवढंच खऱ्या अर्थानं तुमच्या हातात असतं. म्हणून माझं ठाम मत आहे की वापरसुलभतेचे ठराव करत बसू नका. ती रिव्ह्यूच्या अटींत घाला.

त्या संदेशाचंच घ्या. एक तर प्लेसमेंटकडून (कुठल्या मशीनवर किती जागा आहे याचा हिशेब ठेवणारी सेवा) उमेदवार मशीन मिळत नाही, किंवा मिळालेली सगळी शेड्युलरच्या (त्यातून मशीन निवडणारा नोव्हाचा भाग) फिल्टरांत गळतात. वापरणाऱ्याला दोन्ही वेळा तेच वाक्य दिसतं. हे मुद्दाम केलंय, कारण क्लाउडमध्ये मशीन किती आणि भरलेली कोणती, हे ग्राहकाला कळता कामा नये. म्हणजे खरं कारण सगळ्यांना दाखवणारा पॅच अडणार, आणि अडायलाच हवा. मदत ऑपरेटरला, म्हणजे क्लाउड चालवणाऱ्याला, करा. ‘req-’नं सुरू होणारा रिक्वेस्ट आयडी घेऊन शेड्युलरचा लॉग कसा शोधायचा, हे कागदपत्रांत ठळक हवं. ‘फिल्टर अमुक रिटर्न्ड झीरो होस्ट्स’ दिसलं, तर दोष त्या फिल्टरपाशी शोधा. ‘गॉट नो अ‍ॅलोकेशन कँडिडेट्स’ असेल, तर फिल्टरांपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. फ्लेवरमधले (व्हर्च्युअल मशीनचा ठरवलेला आकार) व्हीसीपीयू, मेमरी आणि डिस्कचे आकडे घालून ‘ओपनस्टॅक अ‍ॅलोकेशन कँडिडेट लिस्ट’ चालवायची (त्यासाठी प्लेसमेंटचा प्लगइन लागतो). उमेदवार दिसतोय पण नवं मशीन कधीच निवडलं जात नाही, तर ते सेलमध्ये (नोव्हानं केलेला होस्ट मशीनचा गट) मॅप झालेलं नसण्याची शक्यता मोठी. ‘नोव्हा-मॅनेज’चा ‘डिस्कव्हर होस्ट्स’ चालवा.

दुसरं मोठं दुखणं कमांड लाइनचं. पूर्वी प्रत्येक प्रकल्पाचा क्लायंट वेगळा होता: ‘नोव्हा बूट’, ‘ग्लान्स इमेज-क्रिएट’, ‘न्यूट्रॉन नेट-क्रिएट’, शिवाय एकाच गोष्टीला कुठे टेनंट म्हणायचं, कुठे प्रोजेक्ट. ओपनस्टॅकक्लायंट या सामाईक क्लायंटनं आधी वस्तू, मग क्रिया असा एकच साचा आणला, म्हणून ‘सर्व्हर क्रिएट’ येणाऱ्याला ‘नेटवर्क क्रिएट’ शिकवावं लागत नाही. पण नोव्हात नवी मायक्रोव्हर्जन (एपीआयची छोटी पुढची आवृत्ती) मर्ज होते आणि क्लायंटमधली कमांड मागेच राहते, कारण त्या रिपॉझिटरीचे रिव्ह्यूअर वेगळे. इथे तुमची अट कामी येते. स्पेक (फीचरचा लेखी आराखडा) मंजूर करतानाच एसडीके (क्लायंट ज्यावर चालतो ती लायब्ररी) आणि क्लायंटचे पॅच कोण लिहिणार, हे नावासकट मागा. ते पॅच ‘डिपेंड्स-ऑन’नं सर्व्हरच्या बदलाला जोडले की झूल ही आपोआप चाचण्या चालवणारी यंत्रणा सगळं एकत्र तपासते. मात्र क्लायंट आधी मर्ज व्हावा असा हट्ट धरू नका, एपीआय यायच्या आत तो जाऊच शकत नाही. पॅच वर चढलेला आणि चाचणीत हिरवा असला की पुरे. क्लायंटच्या कोअरपैकी एकाशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर तो पॅच तिथे कितीही दिवस पडून राहतो.

कमांडचं आउटपुट बदलताना जपून. लोकांच्या स्क्रिप्ट ‘-एफ जेसन’मधल्या नावांवर चालतात, कॉलमचं नाव ‘सुधारलं’ की त्या गुपचूप मोडतात. रेनोची (रिलीज नोट्स तयार करणारं साधन) अपग्रेड नोट नसलेल्या अशा पॅचला रिव्ह्यूत सरळ -१ द्या. काही काढून टाकायचं असेल, तर डेप्रिकेशनची सूचना निदान एका स्लर्प रिलीजमध्ये गेलेली हवी. २०२३.१ या रिलीजपासून वर्षातला एक रिलीज स्लर्प, म्हणजे मधला रिलीज वगळून थेट अपग्रेड करता येईल असा, असतो आणि बरेच ऑपरेटर थेट एका स्लर्पवरून दुसऱ्यावर जातात. मधल्या रिलीजमधली सूचना त्यांच्या नजरेस पडतच नाही.

आणि साप्ताहिक बैठकीत वापरसुलभतेचे दोन-तीनच बग घ्या, बाकीचे पुढच्या वेळी. गेरिट या रिव्ह्यूच्या साइटवर त्यांच्या पॅचना रिव्ह्यू-प्रायॉरिटीचं लेबल लावा आणि पहिला रिव्ह्यू तुम्ही स्वतः करा.