गोठ्याची खोली करताना दोन खिडक्या जोडीने बसवायच्या, तर मधे काय ठेवावं?

तुमचा प्रश्न असा: चिपळूणजवळच्या गावी आजोबांच्या घराला लागून रिकामा गोठा आहे, त्याची झोपायची खोली करायची आहे. भिंत जुन्या जांभ्याची, वर कौलं. परसाकडच्या चौदा फुटी भिंतीत साडेतीन बाय चार फुटांच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी हव्यात. गवंडी म्हणतो मधे सहा इंच भिंत सोडतो, सुतार म्हणतो एकच लांब चौकट करून देतो. कोणाचं ऐकावं?

सुताराचं ऐका. गवंड्याचं ऐकून काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात. शेवटची म्हैस विकून बरीच वर्षं झाली होती, गव्हाणीत रंगाचे डबे आणि मोडकी सायकल पडलेली. २०१८ च्या दिवाळीनंतर आम्ही त्या गोठ्याची खोली केली. मलाही अशाच दोन खिडक्या हव्या होत्या आणि मीही मधे सहा इंच चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, ठेवला. दिसायला सुरेख दिसलं. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या खांबावर वरून खाली केसासारखी एक चीर दिसली. मी पुट्टी भरली. पुढच्या वर्षी त्याच जागी पोस्टकार्ड सरकेल एवढी फट झाली होती.

कारण अगदी साधं आहे. चिरा साधारण सव्वा फूट लांब आणि नऊ इंच रुंद असतो. कसाही ठेवला तरी सहा इंचात बसवायला तो तोडावाच लागतो. मग भिंत म्हणून जे उभं राहतं ती तुकड्यांची उतरंड असते. सांधेमोड, म्हणजे वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ न देणं, त्याला जागाच नसते, त्यामुळे एका थराचा दुसऱ्याला आधार नाही. त्यात दोन्ही चौकटींचे होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, दोन्ही बाजूंनी त्याच सहा इंचात ठोकलेले. वरून लिंटेलचं, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या काँक्रीटच्या तुळईचं, ओझं. वारा सुटला की दोन्हीकडच्या झडपा आपटणार, त्याचे हादरेही तिथेच.

म्हणून मधे एकतर खरी भिंत ठेवा, नाहीतर भिंत अजिबात ठेवू नका आणि लाकडाचा दांडा घ्या. खरी भिंत म्हणजे जवळपास दोन फूट. भूकंपाचा विचार करून बांधायच्या घरांसाठी जे भारतीय मानक आहे, आयएस ४३२६, ते इमारतीच्या वर्गाप्रमाणे दोन उघाड्यांमधल्या, म्हणजे खिडक्या-दारांमधल्या, भिंतीची किमान रुंदी ३४० ते ५६० मिलिमीटर सांगतं. सहा इंच म्हणजे १५० मिलिमीटर, सगळ्यात सैल अटीच्या निम्म्यालाही पोचत नाही. चिपळूणला हे पुस्तकी म्हणून सोडून देऊ नका. घाट चढून पलीकडे गेलं की कोयना आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ ची ती भूकंपाची पहाट तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. त्याच मानकाच्या हिशेबाने एकमजली घराच्या भिंतीत सगळी उघाडी मिळून भिंतीच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत ठेवली की काळजी नाही. तुमच्या चौदा फुटांत सात फूट खिडक्या म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. त्याच भिंतीत परसदार काढायचा विचार असेल तर तो सोडा. खिडक्या कोपऱ्यापासूनही दोन-अडीच फूट आत घ्या.

तुम्हाला जोड-खिडकीच हवी आहे असं धरतो, म्हणजे दांडा आला. सुताराकडून एकच चौकट करून घ्या, मधे चार बाय तीनचा उभा दांडा. आमच्याकडे नंतर फणसाचा घातला, कारण घरचा होता. सागवान मिळत असेल तर उत्तमच. भिंतीला टेकणाऱ्या बाजूला डांबर फासल्याशिवाय चौकट बसवू देऊ नका, वाळवी तिथूनच शिरते.

आता लिंटेल. खरी गोम इथे आहे आणि गवंडी नेमकी इथेच घाई करतात. दांडा मधे आहे म्हणून साडेतीन-साडेतीन फुटांचे दोन लिंटेल टाकून त्यांची टोकं दांड्यावर टेकवायची, असं कोणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. लिंटेल एकच, सलग, आणि दांडा नाहीच असं समजून बांधायचा. तुमचा गाळा सात फूट चार इंचांचा होईल, त्याला दोन्हीकडे नऊ-नऊ इंच टेकण धरा, म्हणजे लिंटेल पावणेनऊ फुटांच्या थोडा वर जातो. तीन-साडेतीन फुटी खिडकीला सहा इंच जाडीचा जो नेहमीचा लिंटेल टाकतात तो इथे पुरणार नाही. माझ्या दुरुस्तीच्या वेळी इंजिनीअरने नऊ इंच खोलीचा दिला होता, खाली १२ मिलीच्या तीन सळया, वर १० मिलीच्या दोन, रिंगा सहा-सहा इंचांवर. हे माझ्या भिंतीचं गणित आहे, उतरवून घेऊ नका. तालुक्याच्या गावी कोणीही स्थापत्य इंजिनीअर येऊन पाहून सांगेल, आणि त्याची फी पुढच्या दुरुस्तीपेक्षा नक्की कमी असेल.

इंजिनीअर का, तर गोठ्याची भिंत बुटकी असते. उंच भिंतीत लिंटेलच्या वर पुरेशी भिंत असली तर चिरे आपोआप एकमेकांत कमानीसारखे अडकतात आणि लिंटेलवर फक्त त्रिकोणाएवढं वजन येतं. पागोळीच्या बाजूला गोठ्याची भिंत जेमतेम सात-आठ फूट. खिडकीवर फूट-दीड फूट भिंत उरते आणि लगेच वासे. कमान व्हायला उंचीच नाही, तेव्हा वाशांचं आणि कौलांचं सगळं ओझं थेट लिंटेलवर. म्हणून आधी आत उभं राहून वर बघा. एखादी तुळई नेमकी दोन खिडक्यांच्या मधोमध टेकलेली आहे का? असेल तर सगळी खिडकी फूटभर इकडे किंवा तिकडे सरकवून भागत नाही, इंजिनीअरला तीच गोष्ट पहिली दाखवा.

भिंत फोडायचं काम दिवाळीनंतर घ्या, आणि त्या भागातली कौलं आधी उतरवा. नाहीतरी पावसाआधी परतायची असतातच. वाशांना आतून टेकू द्या. जुन्या भिंतीचे चिरे मातीत बसवलेले असतील तर ती घणाने फोडायची नाही, वरून एकेक चिरा काढत यायचं. हे चिरे बहुतेक चांगले निघतात, आमचे अंगणाच्या पायरीला लागले. लिंटेल टाकण्याआधी टेकणाची जागा ओली करा, जांभा काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतो. टाकल्यावर आठवडाभर तरी पाणी मारा, आणि खालचे टेकू चौदा दिवस हलवू देऊ नका. चौथ्या दिवशी गवंडी म्हणेल, ‘कडक झालंय, काढतो.’ तो दिवसभर गावी जाईल अशी काहीतरी व्यवस्था करा.

खिडक्या जोडीच्या असल्या की पातळी चुकलेली लपत नाही. एकट्या खिडकीत पाव इंचाचा फरक कोणाला कळत नाही, शेजारी दुसरी असली की पाहुणा आल्या आल्या तिकडेच बघतो. एक चौकट घेतली तर हा प्रश्न येत नाही. दोन घेतल्या तर पाण्याच्या नळीने लेव्हल काढूनच बसवा.

एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती, म्हणून सांगतो. दोन खिडक्या, चार झडपा. त्यातल्या मधल्या दोन झडपांच्या बिजागऱ्या त्याच दांड्यावर येतात. दोन्ही बाहेर उघडल्या की एकमेकींवर आपटतात, काटकोनापलीकडे जातच नाहीत, आणि वाऱ्यात रात्रभर टाळ्या वाजवत बसतात. आम्ही शेवटी मधल्या दोन्ही पक्क्या करून टाकल्या, काच लावून बंद, आणि कडेच्या दोनच उघडतात. तुम्ही हे आधीच ठरवलंत तर दोन बिजागऱ्यांचे जोड, कड्या आणि सुताराची एक मजुरी वाचेल. गज मात्र चारही भागांना. चिपळूणकडेही वानरं काही कमी नाहीत.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचं विचारलं आहे. स्वस्त आणि झटपट. पण दोन ट्रॅकच्या खिडकीत एका वेळी अर्धाच भाग उघडा राहतो, म्हणजे साडेतीन फुटांची खिडकी वाऱ्याला पावणेदोन फुटांचीच. आणि खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती गवंडी सिमेंटने इमानेइतबारे बुजवतो. आमच्या मागच्या खोलीला अशी खिडकी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा त्या ट्रॅकमध्ये पाणी भरून आत सांडत होतं आणि आम्ही पंचे पिळत होतो. दुसऱ्या दिवशी मी दाभणाने ती भोकं मोकळी केली. दोन ॲल्युमिनियम खिडक्या शेजारी जोडल्या तर मधल्या उभ्या जोडातूनही पाणी येतं, तिथे बाहेरून सिलिकॉन नीट भरून घ्या. आणि माप गिलावा झाल्यावरच द्या.

पाण्याचं बाकी नेहमीचंच: छज्जा दोन्ही खिडक्यांवर सलग, दोन फूट तरी, आणि त्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच, म्हणजे पाणी उलटं भिंतीकडे वळत नाही. खाली कडप्पा बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन, भिंतीच्या इंचभर पुढे. जांभा पाणी पितो, त्यामुळे खिडकीखालची ओल सहा महिन्यांनी आतल्या रंगावर उमटते.

खिडक्यांचा आकार तुम्ही बरोबर धरला आहे. राष्ट्रीय बांधकाम संहिता दमट हवेसाठी जमिनीच्या एकषष्ठांश उघाडी मागते. तुमची खोली बारा बाय चौदा, म्हणजे १६८ चौरस फूट, त्याचे २८. दोन खिडक्यांचे मिळून नेमके २८ होतात. पण दोन्ही एकाच भिंतीत आहेत. समोरच्या भिंतीत वारा निघून जायला काहीच नसेल तर मे महिन्यात त्या खोलीत कोणी झोपणार नाही. समोर दार असेल तर त्यावर जाळीचा झरोका काढा, किंवा दीड फुटी एखादी खिडकी. आमच्याकडे गोठ्याला शेण लोटायचं जे भोक होतं तेच थोडं मोठं करून गज लावले. खोलीत सगळ्यात गार जागा तीच आहे, आणि आमची आई तिथेच खाट टाकते.