फायर टीमचा अलर्ट ॲनालॉगवरून डिजिटल रेडिओवर न्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की एमआयडीसीतल्या तुमच्या कंपनीत फायर टीमचे जुने ॲनालॉग व्हीएचएफ रेडिओ सेट काढून डिजिटल घ्यायचं चाललंय आणि व्हेंडर म्हणतोय माणसं बोलवायचा अलर्टपण त्याच सिस्टिमवरून देऊ, तर द्यावा का. मी जर्मनीत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि गावातल्या स्वयंसेवक अग्निशमन दलात आहे (इथे पगारी दल म्हणजे मुख्यतः मोठ्या शहरांत, बाकी देशभर जवळपास १० लाख स्वयंसेवक हे काम सांभाळतात). आमच्याकडे हा बदल माझ्यासमोर झाला, त्या अनुभवावरून सांगतो.

रेडिओवर बोलणं वेगळं आणि झोपलेल्या माणसाला उठवणं वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं करा. ॲनालॉगमध्ये दोन्ही एकाच चॅनलवर चालायचं म्हणून ते एकच काम वाटतं.

जुनी पद्धत अशी होती की कंट्रोल रूम चॅनलवर पाच सूर वाजवायची, एकेक ७० मिलिसेकंदांचा, आणि जरा थांबून तोच क्रम परत. पट्ट्याला लावलेल्या पेजरने आपला क्रम ओळखला की तो किंचाळायचा आणि त्याचा स्पीकर उघडायचा, मग कंट्रोल रूममधला माणूस तोंडी सांगायचा की कुठे काय झालंय. गावचा भोंगापण असल्याच सुरांवर वाजायचा. साधं होतं, पण मोठी आग लागली आणि आठ-दहा गावांची दलं बोलवायची असली की सूर एकामागून एक वाजत बसायचे, तोवर चॅनल अडकलेला, गाडीतून कोणाला काही सांगायचं असेल तर थांबा. आणि माझं सांगायचं तर तेव्हा जर्मन यथातथाच, त्यात खरखर, त्यात तिथली बोलीभाषा, रात्री तीनला झोपेतून उठून काय डोंबल पत्ता कळणार! कितीदा तरी मी नुसता स्टेशनवर पळत गेलोय आणि तिथे विचारलंय की जायचंय कुठे. शिवाय हे सगळं ८५ मेगाहर्ट्झच्या आसपास, एफएमच्या पट्ट्याच्या जरा खाली, उघड्यावर चालायचं. रेडिओ ऐकायचा स्कॅनर असलेल्या कोणालाही कळायचं की अमक्या गल्लीत कोणाच्या छातीत दुखतंय.

मग बोलणं गेलं टेट्रा नावाच्या डिजिटल रेडिओवर, म्हणजे पोलीस, फायर, ॲम्ब्युलन्स सगळ्यांसाठी देशभर एकच एन्क्रिप्टेड नेटवर्क. अलर्टचं मात्र प्रत्येक राज्याने आपापलं ठरवलं. हेसनसारख्या राज्याने तोही टेट्रावर टाकला, त्यात पेजरवरूनच ‘येतोय’ असं उत्तर देता येतं. बऱ्याच ठिकाणी मात्र अलर्टसाठी पॉकसॅगचं वेगळं नेटवर्क ठेवलं, आमच्याकडेही तेच. पॉकसॅग म्हणजे ब्रिटिश पोस्टाच्या काळातला पेजरचा प्रोटोकॉल, १२०० बिट प्रति सेकंद, आजच्या हिशोबाने गोगलगाय, पण पत्ता आणि आगीचा प्रकार एवढा मजकूर पाठवायला तेवढं पुरतं. कितीतरी पेजर थोडक्यात वाजवून होतात आणि स्क्रीनवर पत्ता लिहूनच येतो. माझ्यासाठी तर हाच सगळ्यात मोठा फायदा. फक्त एन्क्रिप्शन वेगळं मागून घ्या, साधा पॉकसॅग कॉम्प्युटरला लावायच्या स्वस्तातल्या यूएसबी रेडिओ डोंगलवर कोणीही वाचू शकतो, ‘डिजिटल आहे म्हणजे सेफ आहे’ असं कोणी म्हटलं तर मान हलवू नका.

आता तोटा. ॲनालॉगचा सिग्नल कमी झाला की खरखर वाढते, तुम्हाला कळतं की इथे रेंज जातेय आणि तुम्ही दोन पावलं सरकता. डिजिटलमध्ये एकतर स्वच्छ नाहीतर एकदम शांत. आमच्याकडे काही महिने दोन्ही सिस्टिम बरोबर चालू होत्या, पट्ट्याला दोन-दोन पेजर. एका शनिवारी मी तळघरात कपडे धुवत होतो, जुना पेजर घसा बसल्यासारखा वाजला आणि नवीन गप्प. वर येऊन बघितलं तर नुसती रेंज नसल्याची खूण. नंतर सिग्नल पुढे पाठवणारा एक रिपीटर वाढवला तेव्हा तळघर रेंजमध्ये आलं. पण दोन्ही बरोबर चालू ठेवल्या नसत्या तर हे आम्हाला कधी कळलं असतं?

बोलण्याचंही एक आहे. डिजिटल सेट आवाज जसाच्या तसा पाठवत नाही, बोलण्याचा नमुना बनवून पाठवतो, त्यामुळे शेजारी पंप किंवा कटर चालू असला की शब्दांचा लगदा होतो. पंपापासून लांब जा, माइक तोंडाशी धरा, ही सवय सगळ्यांना मुद्दाम लावावी लागली.

आणि सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची का, हा तुमचा खरा प्रश्न, तर २०२१ च्या जुलैत इथे पश्चिम जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, १३० हून जास्त माणसं गेली, तेव्हा वीज आणि केबल गेल्यामुळे मोबाईल टॉवर पडलेच, डिजिटल रेडिओची काही केंद्रंही बंद पडली. त्यानंतर शीतयुद्धानंतर काढून टाकलेले भोंगे गावोगाव परत बसवायला सरकारने पैसे दिले. व्हॉट्सॲप ग्रुप किंवा ॲप जोडीला जरूर ठेवा, आम्हीपण ठेवतो, पण ते एकट्यावर सोडू नका.

तर माझं मत, बोलायला डिजिटल घ्या बिनधास्त, अलर्टसाठी मात्र वेगळा ट्रान्समीटर, वेगळी बॅटरी, आणि गेटवरचा भोंगा काढू देऊ नका. जुनं निदान एक पावसाळाभर बरोबर चालवा. आणि व्हेंडरचा डेमो कॉन्फरन्स रूममध्ये नको, कंप्रेसर रूममध्ये, दार लावून, मशीन चालू ठेवून घ्या.