भरतीच्या मॉडेलवरून तळाचा प्रवाह आणि गाळाची हालचाल कशी मोजायची?

खंभातच्या आखातासाठी घेतलेल्या टीपीएक्सओ (भरती-ओहोटीचं जागतिक मॉडेल) फाइलमधले आकडे वेगापेक्षा फारच मोठे दिसतात, असं तुम्ही विचारलंय. दिसणारच, मूळ फाइलमध्ये वेग नसून वाहतूक (वेग गुणिले खोली) असते, चौरस मीटर प्रतिसेकंद (काही आवृत्त्यांत चौरस सेंटिमीटर). तिला खोलीने भागा. मिळतो तो पृष्ठभागापासून तळापर्यंतचा सरासरी वेग. तळाशी तो कमीच.

गाळासाठी तळावरचा ताण हवा: समुद्राच्या पाण्याची घनता (१०२५ किलो प्रति घनमीटर) गुणिले घर्षणांक (साधारण ०.००२५) गुणिले वर मिळालेल्या वेगाचा वर्ग. वेग सेकंदाला १ मीटर असेल तर ताण सुमारे २.६ पास्कल. बारीक वाळू ०.२ पास्कलच्या आसपासच हलायला लागते. चिकणमातीचं गणित मात्र वेगळं.

आधी वेगाची सरासरी काढून मग वर्ग करू नका, भरती-ओहोटी एकमेकींना खाऊन टाकतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी बसून मी आठवडाभर हीच चूक केली होती!