कम्युनिटी कॉलेजात रसायनशास्त्र: पहिल्याच सत्रात काय घ्यावे

ताई, सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी फ्रीमॉन्टमध्ये बारावी उत्तीर्ण झाली आहे, तिला रसायनशास्त्रच शिकायचे आहे, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात मनासारखा प्रवेश मिळाला नाही, आणि आता ओलोनी या कम्युनिटी कॉलेजात नाव घालावे तर पुण्याचे नातेवाईक ‘म्हणजे डिप्लोमाच ना?’ असे विचारतात, असे आपण कळवले आहे.

हा आपल्याकडचा डिप्लोमा नव्हे. योग्य विषय घेतले तर ही पदवीचीच पहिली दोन वर्षे असतात, पुढची दोन विद्यापीठात होतात आणि पदवीवर नाव विद्यापीठाचेच येते. मानवी जनुकसंचाच्या वाचनामुळे जगाला ठाऊक झालेले क्रेग व्हेंटर तुमच्याच परिसरातील कॉलेज ऑफ सॅन माटेओ या कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगो येथील विद्यापीठात गेले आणि 1972 मध्ये जीवरसायनशास्त्राचे पदवीधर झाले. कॅलिफोर्नियाच्या निवासी विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (विषयाचा भार मोजण्याचे माप) 46 डॉलर शुल्क पडते, म्हणजे दोन वर्षांच्या 60 युनिटांचे 2,760 डॉलर होतात. आपल्या व्हिसावर तिला निवासी दर्जा मिळतो का, हे मात्र प्रवेश कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

माझी खरी काळजी विषयांच्या क्रमाची आहे. सामान्य रसायनशास्त्राची दोन सत्रे आणि त्यानंतर सेंद्रिय रसायनशास्त्राची दोन सत्रे ही एकापुढे एक अशीच घ्यावी लागतात, कारण मागचे सत्र उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढच्यात प्रवेश मिळत नाही. चार सत्रे म्हणजे बरोबर दोन वर्षे. पहिल्या सत्रात सोपे वाटणारे सामान्य विषय उरकून घेऊ आणि रसायनशास्त्र नंतर पाहू असे ठरवले, किंवा बीजगणित कच्चे असल्यामुळे आधी प्राथमिक रसायनशास्त्र घ्यावे लागले, तर सगळी साखळी पुढे ढकलली जाते आणि दोनाची तीन वर्षे होतात. तीच गोष्ट गणिताची: कलनशास्त्राशिवाय (कॅल्क्युलस) या शाखेला लागणारे भौतिकशास्त्र घेता येत नाही. म्हणून तिचे गणित कुठवर झाले आहे, हे आजच तपासा. प्रयोगशाळेच्या तुकड्यांत जागा मोजक्या असतात, त्यामुळे नोंदणी तिच्यासाठी खुली होईल त्याच दिवशी करावी. सेंद्रिय रसायनशास्त्राची दोन्ही सत्रे एकाच कॉलेजात पूर्ण करावीत, कारण धड्यांची विभागणी प्रत्येक कॉलेजात निराळी असते.

कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जातो, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर पाहता येते. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ ही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा विद्यापीठे अटी पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो या योजनेत नाहीत. हमीचा अर्ज विद्यापीठात जाण्याच्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात करायचा असतो, आणि गुणांच्या अटी शाखेनुसार बदलतात.

नोकरीविषयी विचारलेत. कम्युनिटी कॉलेजच्या केवळ दोन वर्षांच्या (असोसिएट) पदवीवर औषध, अन्न किंवा रसायन कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात तंत्रज्ञाचे काम मिळू शकते: नमुने घेणे, टायट्रेशन (द्रावणातील पदार्थाचे प्रमाण मोजणे) करणे, क्रोमॅटोग्राफीचे (मिश्रणातील घटक वेगळे करण्याचे) यंत्र चालवणे आणि प्रत्येक नोंद चोख ठेवणे. हे काम बहुधा उभ्याने आणि कधी पाळ्यांमध्ये असते, पण मुलाखतीत त्या हातोटीला मोल आहे. पाणी शुद्धीकरण केंद्राचा रस्ता मला विशेष आवडतो. राज्याची प्रमाणपत्रे टी-1 पासून टी-5 पर्यंत चढत जातात, आणि ज्याला क्लोरीन व सामू यांचे गणित उमगते त्याला त्या परीक्षा जड जात नाहीत. रिफायनरीकडे ओढा असेल तर कॅलिफोर्नियातीलच पिट्सबर्ग येथील लॉस मेडानोस कॉलेजात प्रक्रिया तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. रसायनज्ञ किंवा शाळेतील शिक्षिका व्हायचे असेल तर चार वर्षांची पदवी हवीच. रुग्णालयातील परवानाधारक प्रयोगशाळा वैज्ञानिक होण्यासाठी त्यावर प्रशिक्षण व परीक्षा लागते. संशोधनात जायचे असेल तर खर्चाने दबून जाऊ नका, अमेरिकेत रसायनशास्त्राच्या पीएचडीला सहसा शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते.

फॉल सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते. त्याआधी तिने कॉलेजच्या समुपदेशकाकडून चारही सत्रांचा लेखी आराखडा करून घ्यावा, आणि त्यात पहिल्या सत्रात सामान्य रसायनशास्त्र दिसत नसेल तर तो आराखडा मला पाठवावा.