पिकू दे, मग बघू

पुण्याहून एका मुलीनं लिहिलंय. आई सांगलीला, वय ६८, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टरांनी सांगून दीड वर्ष झालं पण ऑपरेशनला मुहूर्त नाही. आधी पापड-कुरडया होऊ देत, मग उन्हाळ्यात नको, पावसात इन्फेक्शन होतं, मग गौरी-गणपती, पितृपक्ष, दिवाळी, त्यात शेजारच्या काकू म्हणाल्या अजून पिकलाच नाही. "मी ओरडते, मग दोन दिवस अबोला. काय करू?"

अगं, असं बघत बसलं तर आपल्याकडे वर्षात एक दिवस मोकळा सापडायचा नाही!

पिकण्याचं म्हणशील तर ते जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनच्या काळातलं. आता बारीकशा छेदातून मोतीबिंदू फोडून काढतात, लेन्स बसवतात, बहुतेक जण त्याच दिवशी घरी येतात. उलट जास्त पिकला की कडक होतो, काढायला अवघड जातो, डोळ्यातलं प्रेशरही वाढू शकतं. ऋतूचाही काही संबंध नाही. पण हे तू सांगू नकोस, डॉक्टरांच्या तोंडून ऐकव, लेकीचं कोण ऐकतंय.

मी मात्र तुझ्या पत्रातल्या एका ओळीपाशी अडकले. चहा ओतायला आई कप खिडकीपाशी नेते तरी निम्मा बशीत जातो, आणि लगेच पुढे, बाबांना शुगर आहे, त्यांना वेळेवर भाकरी लागते. मला वाटतं ती त्या भाकरीपायी अडलीये. नंतर काही दिवस वाकायचं नाही, गॅसच्या धगीपाशी जायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, ड्रॉप्स तर महिनाभर तरी चालतात, तर तेवढे दिवस घर कोण बघणार हे तिला कुणी सांगितलंय का? तू दर फोनला "कधी करतेस" विचारतेस, "मी कधी येऊ" असं एकदाही नाही.

तेव्हा आधी दहा दिवसांची रजा टाक, डब्याची बाई ठरव, आणि मगच फोन कर की अमुक तारखेला येतेय, डॉक्टरांकडे जाऊ. शुगर बाबांची आहे म्हणून आईची तपासायची राहू देऊ नकोस. बाबांना कुकर लावता येतो का? नसेल तर शिकव, गंमत नाही करत. ड्रॉप्सच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटव आणि ते काम त्यांच्याकडेच दे.

एका वेळी एकच डोळा करतात बहुतेक, म्हणून दुसऱ्याची तारीख पहिल्याच्या चेकअपलाच घेऊन टाक, नाहीतर परत पापड आहेतच.