कायदा आणि आपण : स्टँपपेपरने बापाचा हक्क संपतो का?

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांपूर्वी वारली. तिचा मुलगा तेव्हापासून गुहागर तालुक्यात माझ्यापाशी असून आता नऊ वर्षांचा आहे. जावयांनी मुंबईत दुसरे लग्न केले. ते गणपतीला गावी येतात, पण मुलाला भेटत नाहीत, खर्चालाही काही देत नाहीत. ‘मुलावर माझा हक्क नाही’ असे त्यांनी स्टँपपेपरवर लिहून दिले आहे. त्यांचा हक्क कायद्याने संपला का?

उत्तर : नाही. असा कागद आमच्याकडे पुष्कळजण जपून आणतात, काही तर लॅमिनेशन करून. परंतु बापाने लिहून दिले म्हणून पालकत्व संपत नाही आणि पोटगीची जबाबदारीही सुटत नाही. केवळ पालकत्व रद्द करून मागण्याचा स्वतंत्र दावा आपल्याकडे नाही. जन्माच्या घराशी कायदेशीर नाते तुटते ते मुख्यतः वैध दत्तकामुळे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे आजीही नातलग म्हणून दत्तक घेऊ शकते आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो आदेश जिल्हाधिकारी देतात.

तरीही आपण ती घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. दत्तक गेल्यावर वडिलांच्या पश्चात त्यांचा वारस म्हणून मिळणारा हिस्सा नातू गमावील. जावयांच्या वडिलोपार्जित जमिनीत, कलमांच्या बागेत त्याचा जो वाटा असेल, तो त्याच्या वडिलांच्या बेपर्वाईपायी धोक्यात का घालावा?

त्यापेक्षा पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली जिल्हा न्यायालयात स्वतःची पालक म्हणून नेमणूक मागावी. वडील हयात असल्यामुळे ते पालक होण्यास अपात्र आहेत, अशी न्यायालयाची खात्री पटवावी लागेल. तिथे तो स्टँपपेपर पुरावा म्हणून उपयोगी पडेल. त्यासोबत शाळेत पालक म्हणून आपली सही असलेली प्रगतिपुस्तके, लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याच्या पावत्या जोडाव्यात. मुलाला समज आली असल्यास न्यायाधीश त्याचीही इच्छा विचारात घेतात. त्याला आधी काही पढवू नका.

मुलाच्या पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली वेगळा अर्ज करता येतो. वकिलाच्या फीची चिंता नको : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. जाताना मुलीचा मृत्यूचा दाखला आणि नातवाचा जन्मदाखला घेऊन जा.